रीनाच्या बाबांचं चौथं शील

चिखला, बुधवार

आदरणीय कवडूदादा यांना धाकट्या बहिणीचा, लीलाचा, सविनय जयभीम.

तुमचा गुडघा धानाच्या कापणीपुरता तरी ऐकतोय का? वहिनींची शुगर कशी आहे? (चहात साखर घेत नाही म्हणतात, तेव्हा साखरेचा डबा कुठे असतो ते बघत जा.) आम्ही सगळे इथे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण रीनाचे बाबा शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात.

यांची दारू सुटून आज एकशे वीस दिवस झाले. मला फार आनंद आहे, दादा. तो इथेच वाचून घ्या, पुढे पत्रात सापडणार नाही. तुमसरच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या सरांनी यांना सांगितलं, की ज्या दिवशी खोटं बोलाल त्या दिवशी पुन्हा बाटलीच्या वाटेला लागाल. झालं! विहारात पंचशील आपण सगळेच म्हणतो. अकरा वर्षं यांनी पाचवं, दारूचं, शील पुटपुटत गिळलं. आता चौथं, खोटं न बोलण्याचं, एवढ्या मोठ्याने म्हणतात की पुढच्या रांगेतले वळून बघतात.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं? हे खाणीच्या ऑफिसात गेले आणि हजेरीबाबूंना म्हणाले, की माझ्या बायकोने आजवर फोनवर कळवलेले सगळे ताप दारूचे होते. सगळे! मी किती मेहनतीने ते ताप आणले होते, दादा. मलेरिया दिला, टायफॉइड दिला, एकदा गडबडीत कांजण्या दोनदा दिल्या. आता बाजारात हजेरीबाबू दिसले की मी वांग्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहते. दारू यांनी प्यायली आणि चोरट्यासारखी मी फिरते आहे.

मग गेल्या मंगळवारी नाकाडोंगरीचे पाहुणे रीनाला बघायला आले. मी यांना आधीच बजावलं होतं, की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पोह्यांच्या बशा फिरल्या. यांच्या हातात बशी नाही हे बघून मुलाच्या वडिलांनी अगत्याने विचारलं, "तुमी नाही घेत का जी?"

बिचारा माणूस पोह्यांचं विचारत होता. यांनी हात जोडले. "घेत होतो जी. एकशे बारा दिवस झाले सोडून."

आणि मग विचारलेलंच आहे म्हणून सगळं सांगितलं. कधी लागली, कुठे पडले, कोणत्या नाल्यातून कोणी उचलून आणलं. मुलाच्या आईचा चमचा बशी आणि तोंडाच्या मध्येच थांबला. रीना आत हसत होती की रडत होती, मला अजून कळलेलं नाही. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. मी भांडले तर म्हणतात, "एक लपवलं का दुसरं लपवा लागते, लीला. मंग लपवून लपवून प्यावंच लागते." म्हणून दादा, तुम्ही मोठे आहात, एकदा येऊन यांना समजवा. पिऊ नका, पण थोडं गप्पही बसा, एवढंच. रीनाचं लग्न होईपर्यंत तरी.

वहिनींना जयभीम, लहानग्या अंकुशला गोड पापा.

तुमची त्रासलेली,
लीला

ता. क. नाकाडोंगरीहून निरोप आला. मुलाच्या वडिलांनी तुमसरच्या केंद्राचा पत्ता मागितला आहे. कोणासाठी ते सांगितलं नाही. लग्नाचं पुढच्या महिन्यात बोलू म्हणाले.

ता. क. दुसरा. समजवायला येऊ नका. या रविवारी केंद्रात घरच्यांनी बोलायचं आहे, त्यासाठी या. माझ्या शेजारी बसा. तिथे ऐकण्याआधी इथेच वाचा, दादा. अंकुशच्या नामकरणाला मी आले नाही, रीनाची परीक्षा आहे म्हणून कळवलं. परीक्षा नव्हती. माझा हात प्लास्टरमध्ये होता, आणि तो यांनी मोडला होता. हे तुम्हाला सांगायला यांनी महिन्यापूर्वीच तुमच्या सानगडीची बस धरली होती, मीच स्टँडवरून ओढून परत आणलं. काय बोलायचं ते यांना बोला, ते नाही म्हणणार नाहीत. या घरात खोटं बोलणारी आता मी एकटीच उरले आहे.