चिठ्ठीत न निघालेलं घर

१७ जाने.
मेजर वनस्पतिशास्त्र, मायनर सांख्यिकी, आणि सांख्यिकीचा प्रकल्प मात्र आपल्याच गावचा: जानेफळच्या बाया दुपारी किती वेळ पाठ टेकतात? सर म्हणाले, ओळखीची घरं निवडायची नाहीत, चिठ्ठ्या टाका. पिठाच्या डब्यात सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून थोड्या उचलल्या. आमचंच घर निघालं!
आई : "मले काय विचारतं वं? दुपार कधी होते तेच समजत नाही."
हे मिनिटांत कसं मांडू?

१९ जाने.
घरोघर फिरले. जिथे जाईन तिथे तिळाचा लाडू. शेजारच्या कमलमावशी दारातच उभ्या होत्या, धुवट लुगडं नेसून. त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती, म्हणून हसून पुढच्या घरी गेले.
संध्याकाळी आई म्हणाली, मावशी रडल्या. मावसाजी गेल्यापासून संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांचं दार असंच सोडून जातं. त्यांना वाटलं, मीही त्याच कारणानं... फार वाईट वाटलं. चिठ्ठीला हे कुठून माहीत असणार, पण मला होतं.

२० जाने.
मावशींकडे गेले.
"चिठ्ठीनं सोडलं मावशी, मी नाही."
"चिठ्ठी कोनं टाकली होती?"
वही उघडून सगळे प्रश्न विचारले. मावशींनी पदर सारखा करून उत्तरं दिली, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. दुपारी झोपत नाहीत. "कोनी आलं अन् दार बंद दिसलं तं?"
पुढचं धड लिहिता आलं नाही.

२३ जाने.
सर : "हे घर काढा. माया वाटली म्हणून घेतलं की नमुना बिघडतो." भांडले. परतीच्या बसमध्ये कळलं, सर बरोबर आहेत. राग त्याचाच येतो.

२४ जाने.
मावशी नळावर सांगून राह्यल्या होत्या, "माहं बी लिवून नेलं पोरीनं. कॉलेजात जाते ते." बाया कौतुकानं ऐकत होत्या. मी बादली तशीच ठेवून घरात पळाले.

२७ जाने.
मावशींचं घर काढलं. उद्या प्रकल्प जमा. मग मावशींकडे जाऊन खरं ते सांगून टाकलं. शेंगा फोडता फोडता ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, त्यानंच जास्त रडू आलं.
"म्हंजे आता कागद नाही."
"नाही."
"तरी येशीन का?"
"हाव."
"पाहू," म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.