गोदाचे वाफे

२१ नोव्हेंबर १९७३, बुधवार

गाजर उगवलं नाही. पेरून अठरा दिवस झाले. वाफा आहे तसा – वरून पापडासारखा कडक, खाली काही हालचाल नाही.

हे वाफे गोदाचे. भात निघालं की विहिरीच्या पाण्यावर गाजर, मुळा, बीट लग्न होऊन आल्यापासून तीच करायची. मी कधी हात लावला नाही. यंदा दसऱ्याच्या दिवशी तिची उजवी बाजू गेली. पाय थोडा वळतो आता. पण शब्द वाकडे येतात म्हणून तिने तोंडच मिटून घेतलंय. दीड महिना एक अक्षर नाही. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "बोलतं ठेवा त्यांना. शिमग्यापर्यंत जीभ वळली तर वळली, मग अवघड आहे."

बाजलं पडवीत ठेवलंय. समोर वाफे. ते ओसाड दिसू नयेत एवढ्यासाठी पेरलं – आणि ते असं.

२३ नोव्हेंबर

बुधी ठाकरीण मोळी टाकायला आली. माती उकरून बघितली. बी दोन बोटं खोल. म्हणाली, "बाबा, बी पेरलंस का पुरलंस रं?" मी म्हटलं, वालासारखं टाकलं. ती हसून हसून खाली बसली. एवढंसं बी, त्याला वर ढकलायला जोर कुठला!

पुन्हा पेरलं. नदीची रेती मिसळून, वरच्यावर. वर पेंढ्याचं पातळ पांघरूण, म्हणजे पापडी धरणार नाही. शेजारी बीट आणि मुळा, कडेला रताळ्याचा वेल.

४ डिसेंबर

उगवलं. केसाएवढं बारीक. गोदाला सांगितलं. तिने मान हलवली.

२२ डिसेंबर, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

गाजर एकीकडे दाट, एकीकडे टक्कल. आमचा हात भाताचा. दाट दिसलं की उपटायचं, मोकळं दिसलं की लावायचं. तसंच केलं. रोपं उपटली, मूठ बांधली, चिखल करून लावत सुटलो. अर्धा वाफा झाला असेल, तेवढ्यात पडवीतून ठकठक. गोदा डाव्या हाताने बाजल्याची कड बडवत होती. पाणी हवं असेल म्हणून तांब्या नेला. तो तिने ढकलला.

"भा... भात नाय."

मी तांब्या घेऊन उभाच. म्हटलं, काय म्हणालीस गं?

"भात नाय त्ये."

लाळ गळली तशी पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळली. अकरा आठवड्यांनी. मी आत जाऊन उगाच चूल फुंकत बसलो.

२७ डिसेंबर

चहात साखर पुरे का – गप्प. पाठ चोळू का – गप्प. नेरळहून भाचीची चिठ्ठी आली, वाचून दाखवली – गप्प. मग विचारलं, गाजर उपटून लावलं तर काय बिघडतं?

"पाय फुटतात."

एवढंच. पण विचारलं त्याचं उत्तर आलं.

८ जानेवारी १९७४

मुळ्याचा पाला गुडघ्याएवढा, आणि उपटला तर खाली करंगळी. वहिनी – शेजारची अंबाबाई, माझी भावजय – कुंपणावरून म्हणते, "भावजी, मुळा लावलात का झाड?" मी मुळा गोदापुढे धरला.

"श्याण?"

चार पाट्या, म्हटलं.

"ताजं?"

हो, म्हटलं. तिने डोळे मिटले. पूर्वी मी मीठ दोनदा घातलं की मिटायची तसे. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, "खत... जुनं लागतं. पावसाळा... खाल्लेलं." ताज्याने नुसता पाला माजतो म्हणे. मी बोटं मोजत होतो. पाच शब्द, मधे पदर नाही.

१५ जानेवारी

आठवडाभर सगळं शहाण्यासारखं केलं. दाट गाजर विरळ केलं, उपटलेलं लावलं नाही, टाकून दिलं. जिवावर आलं. तण काढलं, पाणी वेळेवर. वाफे कसे हिरवेगार. आणि घर मुकं. आठ दिवसांत ती एकदाही बोलली नाही.

बीट पाण्यात मागेपुढे झालं तर तडकतं, हे बुधीने मला सांगितलेलं आहे. आजपासून बिटाचं पाणी तोडलं.

२३ जानेवारी

काल बीट भरून भिजवलं, आज तडे. तोंड पाडून गोदापुढे नेलं. भाताच्या गिरणीत कामाला होतो, तिथे पोती मोजताना कधी सोंग आणलं नाही, ते या वयात जमलं.

"उपाशी ठेवायचं... आन मग पंगत घालायची... फुटंल नायतर काय."

खाली मान घालून ऐकलं. खोटेपणा आहे हा. पोत्यांवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकलो. कोणी चूक दाखवली की राग यायचा. आता चूक दाखवून घ्यायला मीच जातोय. आणि तिला फसवतोय, हेही खरं.

१ फेब्रुवारी

गाजरांची डोकी मातीवर आली. भर घालायची असते, कळतं मला. घातली नाही. हिरवी पडली.

"डोकी झाका त्यांची. ऊन लागतंय. कडू व्हतील."

वहिनीने कुंपणापलीकडून ऐकलं. धावत आली. "गोदे, बोलतीस की गं! आन भावजी, तुमी जन्मभर भात लावलंत का नुस्तं बघितलंत?" सगळ्या आळीला सांगत गेली, याला गाजरसुद्धा येत नाही. सांगू दे.

१० फेब्रुवारी, रविवार

पहिली गाजरं काढली. जागची न हलवलेली सरळसोट. मी लावलेली – कोणाला दोन पाय, कोणाला तीन, एक तर मांडी घालून बसलेलं. गोदाने ते हातात घेऊन फिरवलं. "ह्ये जेवायला बसलंय." आणि हसली. तोंड एका बाजूला जातं हसताना. झाकलं नाही.

१४ फेब्रुवारी

आता रताळी. वेल पसरला की मधेमधे उचलून ठेवायचा, नाहीतर गाठीगाठीला मुळं धरतो आणि खाली रताळं पोसत नाही. माहीत आहे. उचलला नाही. शिमग्याला तीन आठवडे उरलेत. गोदा दिवसभर वेलाकडे बघत होती, मग माझ्याकडे. बोलली नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी चहा देताना गोदा म्हणाली, "आजपास्नं मुद्दाम चुकू नका. नुस्तं जवळ बसा. मी बोलते."