कासवांचा टब

मायाताई, जय भीम.

हे पत्र तुला पाठवायची हिंमत होणार नाही.

तुझं बाळ गेलं त्याला महिना झाला. डॉक्टरांनी विचारलेलं, हे जंतू प्राण्यांकडून येतात, घरात कुठला प्राणी होता का. मी नाही म्हणालो.

तू बाळाला घेऊन शहाडला माझ्याकडे आलीस, त्याच्या आदल्या दिवशी मी विकायला आणलेली परदेशी कासवं घरातून दुकानात हलवलेली. त्यांचा टब नुसत्या पाण्याने धुतला आणि तुला बाळाच्या आंघोळीला दिला.

कासवं मरू नयेत म्हणून मी त्यांच्या पाण्यात रोज अँटिबायोटिक टाकायचो. धंद्यात सगळेच टाकतात. डॉक्टर म्हणाले, या जंतूंवर औषध चालत नाही. त्यांनी घेतलेलं औषधाचं नाव माझ्या अँटिबायोटिकच्या डब्यावरचंच होतं.

काल फोनवर तू म्हणालीस, तो टब कुणाच्या तरी बाळाला दे. मी हो म्हणालो आणि टब फोडला.

तुझा धाकटा,
धम्मपाल