परीक्षेला आडवे आलेले पूर्वज

तीर्थस्वरूप दालेलखान दादांच्या सेवेशी, धाकटा भाऊ काबिदोल्दा याचा लवून सलाम.

आधी जनावरांची खुशाली कळवा, मग माणसांची. मेंढ्यांनी यंदा अंग धरलं का? तुमच्या कळपात सोडून आलो ती बांडी घोडी अजून लाथा झाडते का? वहिनींचे गुडघे कसे आहेत? (रीतीप्रमाणे वहिनी घोडीनंतर आल्या, हे त्यांना वाचून दाखवू नका.) इकडे सगळे मजेत आहेत, सगळे म्हणजे मी सोडून. बागिला, मुलगा, सूनबाई, अगदी सूनबाईंची आईसुद्धा कझाकस्तानची नागरिक झाली. घरात परदेशी असा मी एकटाच. तुमच्या भावजयीला, बागिलाला तर पहिल्याच फटक्यात पास झाल्यापासून ताळतंत्र राहिलेलं नाही. मला "पाहुणे" म्हणते. "पाहुणे, चहा ओतू का? पाहुणे, तेवढ्या गोवऱ्या आत आणा." पाहुण्याला गोवऱ्या आणायला लावणारं घर मी हे पहिलंच पाहिलं.

दादा, माझा राहण्याचा परवाना नोव्हेंबरअखेर संपतो. त्याआधी ही नागरिकत्वाची परीक्षा पास झालो नाही तर मला मंगोलियात, बायान-ओल्गीला परत यावं लागेल, तेही एकट्याला. आणि तिथे आता माझं आहे काय? घर तुमच्या धाकट्याला दिलं, जनावरं तुम्हाला. बासष्टाव्या वर्षी बायको एका देशात नि आपण दुसऱ्यात, या विचारानं घास उतरत नाही. एवढं एक वाक्य थट्टेवारी नेऊ नका.

परीक्षा तीन गोष्टींची: भाषा, इतिहास, राज्यघटना. भाषेत मला पैकीच्या पैकी (उलट परीक्षकांनीच माझ्याकडून चार शब्दांचे अर्थ विचारून घेतले, त्यांच्या आज्यांबरोबर गेलेले शब्द). इतिहासात गटांगळ्या खात कसाबसा काठाला लागलो. घोडं अडलं ते राज्यघटनेपाशी. पूर्वजांची नावं मी चौदा पिढ्यांपर्यंत एका दमात म्हणतो, पण कुठल्या कलमात काय ते सकाळी पाठ, दुपारी सपाट. शेवटी मुलाच्या मेंढ्या चारायला नेत होतो, तेव्हा प्रत्येक मेंढीला एकेक कलम नेमून दिलं. युक्ती नामी होती. फक्त परीक्षेत कलम विचारलं की मला त्या मेंढीचं तोंड लख्ख दिसायचं आणि कलम काही दिसायचं नाही. अशा रीतीनं यंत्रासमोर बसून दोनदा नापास झालो. तिसरी आणि शेवटची संधी तोंडी होती, तिघांच्या मंडळापुढे.

मंडळात एक चष्मेवाले अध्यक्ष, एक पोक्त बाई आणि आयाऊलिम नावाची एक कोवळी पोर. पोरीनं गोड आवाजात विचारलं, "आजोबा, संसद बरखास्त करायचा अधिकार कुणाला असतो?" माझ्या डोळ्यांपुढे एक शिंगमोडकी मेंढी आली आणि रवंथ करत उभी राहिली. आता अशा वेळी आपल्याकडचा कुठलाही म्हातारा जे करतो तेच मी केलं. वेळ काढला. म्हटलं, "सांगतो बाळ, पण आधी हे सांग, तू कुणाची गं?"

पोर संस्कारी निघाली. वडीलधाऱ्यानं विचारल्यावर सात पिढ्यांचे बाप सांगितले नाहीत तर आईबापांची अब्रू जाते, म्हणून बिचारी बोटांवर मोजत सांगायला लागली. चौथं नाव घेतलं: बोकेन. दादा, मी खुर्चीवरून उठलोच! "कुठला बोकेन? काळ्या तळ्याचा? एका डोळ्याचा?" ती म्हणाली, "हो." अहो, तो माझा पाचवा! म्हणजे हिशेबानं ही पोरगी माझ्या वडिलांच्या पिढीतली, माझी आत्या! मी तिथल्या तिथे वाकून सलाम केला. बाहेर रांगेत बसलेल्यांनाही ओरडून सांगितलं की आत्या सापडली. अध्यक्ष म्हणाले, "काका, तोंड आवरा, मी हात जोडतो." पण ते तिचे चुलतभाऊ निघाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "काका तुम्ही, मी तर पुतण्या!" एवढ्यात तिसऱ्या बाई आपल्या आजोबांचं नाव पुटपुटायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की त्याही आपल्याच.

मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तिन्ही परीक्षक घरचे! पण अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, जवळच्या नातेवाइकाची परीक्षा घेता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, पाचव्या पिढीचं नातं कुठलं जवळचं? त्यावर ते म्हणाले, "बाबा रे, पाचव्या पिढीचं नातं लांबचं असं मी कागदावर लिहिलं, तर माझी आई मला उंबरा ओलांडू देणार नाही. आणि वर कॅमेरा आहे, तुझा सलाम त्यात उतरलाय." दुसरं मंडळ शहरात आहे, पण त्यांची पाळी मार्चमध्ये. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "कुणाचाच नसतास, तर जेवणाच्या आत नागरिक झाला असतास."

चूक माझीच आहे. वडील मरेपर्यंत सांगत राहिले, आपल्या कुळाच्या माळावर जा, म्हणून मी हाच तालुका हट्टानं निवडला. शहाणे लोक परक्यांत जाऊन राहिले आणि केव्हाच नागरिक झाले. तिकडे मला सगळे कझाक म्हणायचे, इथे वाणीसुद्धा "ओ मंगोलियावाले" अशी हाक मारतो. मी फार थकलोय, दादा.

सर्वांना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, तूर्त कुठलाच धड नसलेला,
काबिदोल्दा

ता. क. अध्यक्षकाका काल पुतण्याकडे म्हणून रीतसर जेवायला आले. घोड्याच्या मांसाचा मोठा वाटा त्यांनीच संपवला आणि जाताना एक तोड सुचवली. मूळ गावच्या एखाद्या वडीलधाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर लिहून दिलं, की काबिदोल्दा हा रक्ताचा नव्हे, दुसऱ्या कुळातून दत्तक आणलेला, तर कागद पोचल्यावर आठवड्याभरात हेच मंडळ बसेल. गावात वडीलधारे आता तुम्हीच. तेवढं लिहून पाठवा. घाई आहे.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर बागिलानं वाचला. काल संध्याकाळपासून ती मला पाहुणे म्हणत नाही. गोवऱ्याही स्वतःच आत आणते. मग एकदाच म्हणाली, "आणि दालेलखानभावजी तुमचे कोण लागणार हो?" मला ते सुचलंच नव्हतं, दादा, देवाशपथ सुचलं नव्हतं.

ता. क. तिसरा. तरीही पाठवा. फक्त सहीखाली "थोरला भाऊ" लिहायची तुम्हाला सवय आहे, ती या कागदावर चालायची नाही. "परिचित" असं लिहा. आणि वेगळ्या पाकिटात मला एक पत्र पाठवा. त्यात मला चांगल्या सणसणीत शिव्या द्या, परिचित माणूस देत नाही तसल्या.