दोन श्रावणांचे सोमवार

फ्रीगंज, उज्जैन
५ ऑगस्ट १९५७

चि. सुधाकर यास फुगलेल्या दादाचे अनेक आशीर्वाद.

राज्यांची पुनर्रचना झाली, तशी माझ्याही देहाची चालली आहे. पाय सुजले, दाढी उगवेनाशी झाली आणि छाती मात्र बायकांसारखी वाढतेय! देवास गेटचा न्हावी गिऱ्हाईक गेलं म्हणून नाराज. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली, असं डॉक्टरसाहेब म्हणतात. मीठ बंद केलंय.

तुझ्या वहिनीने माझ्यासाठी महाकालाला सोमवारांचा नवस बोललाय, मलाही उपास करायला लावते. हिंदीवाल्यांचा सावन पंधरा दिवस आधी लागतो, आपला श्रावण नंतर. चूक नको म्हणून ती दोन्ही धरते. शिवाय एकादशी, प्रदोष. मजा आहे रे! केळी, रताळी, बटाटे. आणि सेंधा नमक, म्हणजे आपलं सैंधव, तर उपासाला चालतंच, ते काही मीठ नव्हे. तुमच्या इस्पितळात रक्त धुण्याचं यंत्र आहे म्हणतोस, त्यात दादाला एकदा बुचकळून काढता येईल का?

तुझ्या वहिनीचे, मंगलाचे, डोळे अधू, तेव्हा पत्रं मीच वाचून दाखवतो. तिच्यासाठी दोन ओळी घालत जा.

तुझा दादा, गोपाळकृष्ण

लीड्स
१७ ऑगस्ट

ती. दादांस सा. न. वि. वि.

उपास आजच्या आज बंद करा. सेंधा नमक मीठच आहे. केळ्यांतलं, रताळ्यांतलं पोटॅशियम तुमची मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत. साचलं तर हृदय बंद पडेल. तो फराळ तुमच्यासाठी विष आहे, दादा.

मूत्रपिंडं बिघडली की हार्मोनचं प्रमाणही ढळतं, म्हणून दाढी-छातीचे हे प्रकार. यंत्र रक्त धुतं, पण हार्मोन पूर्ववत करत नाही. आणि ज्यांची मूत्रपिंडं पुन्हा चालू होणार, त्यांनाच आम्ही ते लावतो. तुमची होणार नाहीत. हे लिहिताना मला रडू आवरत नाही. परीक्षा झाली की डिसेंबरात येतो. तोवर टिका.

आपला सुधाकर

उज्जैन
३० ऑगस्ट

चि. सुधाकर यास बिनमिठाचे आशीर्वाद.

रडतोस काय, डॉक्टर ना तू? उपास सोडले. सूज उतरतेय, छाती मात्र सरकारी नोकरासारखी जागची हलत नाही.

तुझं पत्र मंगलाला वाचून दाखवलं, पण मनचं. तू म्हणे लिहिलंस की वहिनी, तुमच्या सोमवारांना महाकाल पावला, आता उपास पुरे, दादांना साधा भात घाला. इतकी खूश झाली की पेढे घेऊन देवळात गेली. ती गेल्यावर पत्र फाडलं.

डिसेंबरात स्टेशनवर मी दिसलो नाही, तर तूही तिला हेच सांग, की तिच्या सोमवारांमुळेच दादा इतका टिकला; फराळाचं नाव काढू नकोस. माझी शपथ आहे. अरे, ती केळी ती स्वतःच्या हाताने सोलून द्यायची.

लोभ आहेच, तो पथ्यातही चालतो.

दादा