गोगलगाईचा दाखला

मंगळवार, ता. ९

सकाळी पाणी तासभरच आलं. आप्पांच्या खोलीतले खण पुसले. दुपारी एक गोगलगाय उठली. संध्याकाळी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

तीर्थरूप दादांना धाकटीचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींची छत्री इथेच राहिली आहे, काळजी नसावी.

आप्पांना जाऊन तीन महिने होत आले. मागच्या भेटीत तुम्ही त्यांची खोली रिकामी करायचं ठरवलंत आणि भंगारवाल्याला रविवारची वेळ दिलीत. मी गप्प बसले (मी गप्पच असते, लहानपणापासून तुम्ही मला 'गोगलगाय' म्हणता ते उगीच नाही), तेव्हा तुम्ही निळ्या कागदावर लिहून दिलंत, 'या खोलीत एक जरी जिवंत वस्तू दाखवलीस तर खोली आहे तशी राहील.' खाली सही केलीत आणि वहिनींकडे बघून हसलात.

आप्पांची सवय तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण गिऱ्हाइकाला 'बिघडलंय' असं कधी म्हणाले नाहीत. 'झोपलंय, उठवतो,' म्हणायचे. म्हणून कुणी वाळवंटातून आणून दिलेले गोगलगायींचे बारा शंख त्यांनी खणात ठेवले आणि प्रत्येक कप्प्यावर तारीख घालून 'झोपलेली' अशी चिठ्ठी लावली, तेव्हा आपण सगळे हसलो. मीही हसले, हे कबूल करते.

भंगारात जायचेच तर निदान स्वच्छ जावेत, म्हणून मी ते शंख परातीत कोमट पाण्यात ठेवले. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि गळक्या नळाविषयी दीड तास बोलल्या. परत येऊन पाहते तर परातीत अकरा. बारावी टेबलावरच्या आप्पांच्या घड्याळाच्या काचेवर चढली होती, आणि माझ्यादेखत तिने तासकाट्याला मागे टाकलं. (घड्याळ तीन महिने बंद आहे, मान्य. पण दादा, शर्यत ती शर्यत.)

डॉक्टर एका कुत्र्याची नखं कापत होते.

"काय होतंय हिला?"

"काही नाही. जिवंत आहे, तेवढं लिहून द्या."

"वय?"

"माहीत नाही. झोप साडेतीन वर्षांची."

नर की मादी, हे त्यांनी विचारलंच नाही, कारण म्हणे ही दोन्ही असते. तोंडावर पडदा ओढून वर्षानुवर्षं झोपते, ओल लागली की उठते. जिभेवर हजारो दात. आणि चालायचा पाय खरोखरच पोटाखाली! म्हणजे 'गोगलगाय अन् पोटात पाय' हे तुम्ही मला जन्मभर ऐकवत आलात, ते अगदी शास्त्राला धरून होतं.

त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, 'सदर गोगलगाय जिवंत आहे.' या वर्षी आपल्या घरात आलेला हा दुसरा दाखला. पहिला तुम्ही आणलात, दुसरा मी आणला.

तेव्हा भंगारवाल्याला तसं कळवावं.

तुमची,
गोगलगाय (पोटात पायवाली)

ता. क. (बुधवार सकाळ) : गोगलगाय कागदही खाते, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पुरावा आणि साक्षीदार मी एकाच डब्यात ठेवले, ही माझी चूक. तुमची सही गेली, 'जिवंत' गेलं; डब्याच्या तळाशी निळे दोरे तेवढे उरले आहेत आणि ते कशाचे, हे लिहीत नाही. तरी तीच अट पुन्हा जाड कागदावर लिहून पाठवावी.

दुसरा ता. क. : खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं. आप्पांचं डोळ्याला लावायचं भिंग तुमच्या सामानात गेलं आहे. रविवारी ते घेऊन तुम्ही एकटेच या. बाकीच्या अकरांपैकी एकही उठलेली नाही. पाणी दोनदा बदलून पाहिलं. तोंडावरचा पडदा शाबूत आहे की आत काहीच नाही, ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत.

परातीतलं पाणी गार झालं आहे. दुसरं तापत ठेवते.