दोरीचं माझ्याकडचं टोक

प्रिय डॉक्टरीणबाई,

तू डॉक्टर नाहीस, फिजिओथेरपिस्ट आहेस, हे तू मला शंभरदा बजावलं आहेस. पण जिभेची सवय जात नाही. हे पत्र मी टाइप करून पाठवते आहे, म्हणजे तुझा फोन ते तुला वाचून दाखवेल. इअरफोन लावून ऐक. तुझी आई शेजारीच भाजी निवडत बसलेली असणार, आणि यातलं सगळं तिच्या कानावर आधी जाऊ नये. खरं तर मी हे बोलून रेकॉर्ड करणार होते. दोनदा बसलेही. पण तू नुसत्या श्वासावरून माणूस ओळखतेस, आणि मला हे मध्येच न रडता शेवटपर्यंत सांगायचं आहे.

आधी बातमी देते. मी पुन्हा धावायला लागले आहे. आज-कालपासून नाही, अडीच महिने झाले. जिना उतरताना अजून कळ येते, असं मी तुला फोनवर सांगत होते ना, ते खोटं होतं. तुझ्या बोटांना ते माझ्याआधी कळलं होतं. शेवटच्या खेपेला तुझ्या दवाखान्यातल्या त्या उंच टेबलावर मी पडले होते, तू घोटा सगळीकडून चाचपलास आणि म्हणालीस, हाड जुळलंय, स्नायूही भरलाय, मग दुखतं कुठे? मी म्हटलं, आत कुठेतरी. तू बराच वेळ पाऊल तसंच हातात धरून बसलीस आणि उलट मलाच समजावलंस की भीतीही दुखते, घाई करू नकोस. त्यानंतर मी तुझ्याकडे फिरकले नाही. कधी दुकानात माल मोजायचा होता, कधी नवऱ्याची पाठ धरली होती, कधी पाहुणे होते. एवढे पाहुणे आमच्याकडे गेल्या दहा वर्षांत आले नसतील.

तळ्याकाठच्या आपल्या रस्त्यावर मी जात नाही. तिथे तुला ओळखणारी चार माणसं भेटतात. मी शाळेमागच्या मैदानात जाते. पहिल्या दिवशी एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा केलं आणि घरी येऊन सोफ्यावर आडवी झाले. नवरा म्हणाला, एवढ्या वेळात आपलं दूधसुद्धा उतू जात नाही. सकाळच्या गारठ्यात घोट्यातली धातूची पट्टी ठणकते, डावं पाऊल टाकताना जमीन आहे ना याची खात्री केल्यासारखं होतं. पण आता सलग पाच किलोमीटर जमतात. आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते, की मला ते आवडलं. दोन्ही हात मोकळे, तोंड बंद, कुणाची जबाबदारी नाही. इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्या फेरीत समोर उंचवटा आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, तीन पावलांवर चढ. पुढे चालणाऱ्या एका आजोबांनी मागे वळून आभार मानले आणि जपून पाय उचलला. मला मात्र पुढे धावता येईना. पायरीवर बसून राहिले.

आपण चार वर्षं एका दोरीला दोघी बांधलेल्या. ओळख झाली तीही माझ्या दुकानात: तुझी आई चष्मा करायला आली, तासभर फ्रेमा घालून बघत बसली, आणि तू काउंटरला टेकून म्हणालीस, आमच्या घरात बघायचं खातं हिच्याकडेच आहे, जरा बरा द्या. मग माझ्या बुटांच्या आवाजावरून विचारलंस की तुम्ही धावता का. जन्मापासून न दिसणाऱ्या बाईला चष्मे विकणारी मैत्रीण मिळावी, यावर तू पुढे किती जणांना हसवलंस. तुझं डावं मनगट, माझं उजवं, मधे हातभर सुती दोरी. वळण, खड्डा, चढ, कुत्रं, सगळं मी तीन पावलं आधी सांगायचं आणि तू त्यावर बिनदिक्कत पाय टाकायचीस. तू एकदा म्हणाली होतीस की दिवसातला तो एकच तास तुझं कोपर कुणी धरत नाही. मी ते वाक्य विसरले नाही, म्हणून तर आज तोंड लपवायला जागा नाही. चौदा महिने झाले, तोही तास तुझ्याकडे उरलेला नाही.

त्या सकाळचं तुला जे ठाऊक आहे ते असं. आपल्या दहा किलोमीटरांतला शेवटचा अर्धा किलोमीटर होता, आपण कधी नव्हे इतक्या जोरात होतो, आणि मी कोसळले, तू माझ्यावर. एक्स-रे काढायला थांबलो होतो तेव्हा तू विचारलंस, “मी उजवीकडे कलले का गं? मीच ओढलं ना तुला?” मी वेदनेने कळवळत होते, हे खरं. पण शुद्धीत होते. मी म्हणाले, “असू दे गं. होतं असं कधीकधी.”

त्या एका वाक्याने मी तुला माफ करून टाकलं. ज्यात तुझी चूकच नव्हती, त्याबद्दल. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं, मग शस्त्रक्रिया झाली, मग तू आठवड्यातून दोनदा माझं पाऊल मांडीवर घेऊन बसायला लागलीस. इतकी जपून चोळायचीस, जणू काही फेडत होतीस, आणि मी फेडून घेत होते. लोक म्हणायचे, काय जिवाभावाची मैत्री. मी मान डोलवायचे. दर खेपेला सांगणं अवघड होत गेलं. पाय बरा झाला तेव्हा कळलं की आता पुन्हा दोरी बांधायची तर आधी तोंड उघडावं लागेल. त्यापेक्षा दुखणं सोपं होतं.

गुरुवारी तुझी आई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आली होती. तिने सांगितलं की बँकेतली ती उंच बाई तुझ्यासोबत धावायला तयार आहे, दोनदा घरी येऊन गेली, आणि तू तिला म्हणालीस, मी जिच्या हाताला दोरी बांधते तिचं हाड मोडतं. आई मला म्हणाली, तुझं ऐकेल ती, तूच समजाव. मी स्क्रू पिळत राहिले, तो केव्हाच बसला होता. म्हणून हे पत्र. मी घड्याळाकडे पाहत होते. तासाच्या आत येतोय का, एवढंच बघायला डावा हात वर केला, आणि कडेची उखडलेली फरशी मला दिसली नाही. माझा पाय अडकला, मी पडताना दोरीला हिसका दिला आणि तुला खाली खेचलं. मी, तुला. तू मला माफ करावंस किंवा माझ्यासोबत धावावंस म्हणून हे लिहीत नाही. त्या बाईला हो म्हण, ती नीट बघते, मी चौकशी केली आहे. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव. पण त्या सकाळी तू कुठेही कलली नव्हतीस. तू अगदी सरळ धावत होतीस.

तुझीच,
चष्मेवाली